प्रश्न क्रमांक चौदा

उमादेवी मॅडमांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली, पहिला फॉर्म उचलला, दुसऱ्या पानावर एका ठिकाणी बोट ठेवलं आणि फॉर्म टेबलावर पालथा घातला. मग दुसरा. मग तिसरा. वाचत त्या काहीच नव्हत्या. एकाच जागी बघायचं आणि पालथा घालायचा, एवढंच चाललं होतं. शिवकन्या समोर उभी होती. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. विसाव्या फॉर्मपर्यंत तिला वाटलं, मॅडम मोजतायत. चाळिसाव्याला कळलं, मोजत नाहीयेत, कुठं एखादं 'नाही' सापडतंय का ते बघतायत.

सापडणार नव्हतं. फॉर्म ब्याण्णव होते आणि प्रश्न क्रमांक चौदाला ब्याण्णव वेळा 'होय'वर गोल केलेला होता.

"काय?" शेवटचा फॉर्म पालथा घालून मॅडम म्हणाल्या.

मॅडमांचं निम्मं बोलणं 'काय'नं सुरू व्हायचं, आणि एम.ए.ला त्या शिकवायच्या संशोधन पद्धती, त्यात ती संख्याशास्त्रातली काय-वर्ग, म्हणजे काय-स्क्वेअर, कसोटी. त्यामुळं पोरं पाठीमागं त्यांना 'काय मॅडम' म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. धाराशिवच्या त्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला चार माणसं होती. तिघं नोट्स द्यायची आणि चौथ्या ह्या. लघुप्रबंधासाठी ह्यांच्या वाट्याला गेलेलं पोरगं आधी नशिबाला आणि मग विभागाच्या कारकुनाला शिव्या द्यायचं, कारण मार्गदर्शकांची यादी कारकून लावायचा.

"ब्याण्णव बायकांचं एका गोष्टीवर एकमत झालं? आमटीत मीठ किती घालायचं यावर दोघींचं होत नाही."

"मॅडम, त्यांनी तेच सांगितलं."

"सगळ्यांनी?"

"हो."

"बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून दिला, आणि ब्याण्णवच्या ब्याण्णव म्हणाल्या, खुशीनं दिला. एकीनं तोंड वाकडं केलं नाही? एक म्हणाली नाही, जाऊ दे बाई, आता काय उपयोग?"

विषय शिवकन्यानंच निवडला होता. माहेरच्या जमिनीतला हिस्सा लेकी भावाच्या नावे सोडून देतात तो कागद, म्हणजे हक्कसोडपत्र, आणि त्याला त्यांची संमती कितपत असते, हे तिला शोधायचं होतं. आराखडा चार वेळा परत आला होता. एकदा गृहीतक नाही म्हणून, एकदा गृहीतकाशिवाय दुसरं काहीच नाही म्हणून. चौथ्यांदा प्रश्नावलीवर लाल शाई सांडली. तेव्हा चौदावा प्रश्न असा होता: 'आपण आपला हक्क स्वेच्छेने सोडला का?' मॅडमांनी 'स्वेच्छेने'भोवती गोल करून समासात लिहिलं होतं, 'हा शब्द कुणाच्या घरात बोलतात?' शिवकन्यानं त्याचं 'मनापासून' केलं, तेव्हा कुठं सही मिळाली.

पण झेरॉक्सच्या दुकानात, पानं मशीनवर चढायच्या आधी, तिला ते 'मनापासून' फारच गोडगोड वाटायला लागलं. तिच्या गावाकडं, ढोकीला, असं कोण बोलतं? तिनं तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'राजीखुशीनं'. शंभर प्रती तशाच निघाल्या. त्या दिवशी तिला आपल्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं होतं की दुकानदाराला तिनं चहा पाजला.

आता एक फॉर्म परत सुलटा करून मॅडमांनी बोट नेमकं त्याच शब्दावर ठेवलं.

"हा शब्द मी मंजूर केला होता?"

"नाही मॅडम. मी बदलला."

"कुठून आणलास?"

"आमच्याकडं बोलतात."

"कुठं बोलतात?"

"गावात. घरात. सोयरीक जमली की म्हणतात ना, राजीखुशीनं झालं."

"काय, मी विचारलं कुठं बोलतात. कोण बोलतं, कुणासमोर बोलतं, कधी बोलतं?"

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलणं आहे, असं शिवकन्याला वाटलं. मॅडमांना एकदा चुकीचा वास आला की त्या माणसाला सोडत नसत, हे तिनं दीड वर्ष पाहिलं होतं.

"याचे दोनच अर्थ होतात," मॅडम म्हणाल्या. "एक तर तू ढोकीला घरी बसून, शेंगा खात खात हे फॉर्म भरलेस..."

"मॅडम, शप्पथ सांगते, मी दारोदार..."

"साकु."

मॅडम मूळच्या सीमेवरच्या मुरुमच्या. चिडल्या की कानडी वर यायची, आणि 'साकु' म्हणजे 'पुरे' एवढं कानडी अख्ख्या विभागाला येत होतं.

"नाहीतर," त्यांनी वाक्य पुरं केलं, "उत्तरं तुझ्या प्रश्नानं दिली आहेत. बायकांनी दिलीच नाहीत."

"म्हणजे काय मॅडम?"

"ते मला विचारायचं नाही. आज गुरुवार. सोमवारी अकराला मला परीक्षा विभागाकडं सगळ्यांचे अहवाल द्यायचेत. तुझ्या अहवालावर 'संकलित तथ्ये अविश्वसनीय' असं लिहू का नको, ते तू येऊन सांगायचं. उचल हे."

शिवकन्यानं फॉर्म गोळा केले. सुतळीची गाठ तिनं रागानं करकचून आवळली. अविश्वसनीय! तामलवाडीच्या अंगानं सात गावं तिनं पायी तुडवली होती. उन्हानं नाकाची सालं निघाली होती. आणि ही बाई पंख्याखाली बसून शेंगांचं बोलते. त्या क्षणी तिला मॅडमांचा जेवढा द्वेष वाटला, तेवढा आजवर कुणाचाच वाटला नव्हता. तो शेरा पडला की वर्ष गेलं, आणि नुसतं वर्ष नाही, सगळंच गेलं. तिच्या बापानं, रामहरीनं, प्रवेश घेतानाच सांगून ठेवलं होतं, "दोन वर्सं म्हंजी दोन. सव्वादोन न्हाय." तो शब्दाचा पक्का होता. पाहुणे तर आत्ताच येऊन बघून जात होते.

शुक्रवारी सकाळी ती तामलवाडीला उतरली. कडूबाईला गाठायचं तिनं बसमध्येच ठरवलं होतं, कारण फॉर्म नंबर एक कडूबाईचा होता. एकही खोटा नाही हे दाखवायचं तर पहिल्यापासून सुरुवात करावी, एवढाच तिचा विचार होता. पुरावा म्हणून कुणाची सही घ्यावी, फोटो काढावा, असलं काहीतरी डोक्यात होतं.

कडूबाईनं साठी ओलांडली होती. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि भावाच्या घरामागं पत्र्याच्या खोलीत राहू लागली. भाऊ बब्रुवान एके काळी पंचायतीत होता, आणि मागच्या खेपेला त्यानंच शिवकन्याचं काम सोपं केलं होतं. समाजमंदिरात बायका बोलावल्या, खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला, आणि त्या गावचे सगळे फॉर्म भरून होईपर्यंत स्वतः दारात बसून राहिला. 'लई चांगला माणूस' असं तिनं क्षेत्रकार्याच्या वहीत लिहूनही ठेवलं होतं.

आज पुढच्या दारात मोटारसायकल नव्हती. शिवकन्या घराला वळसा घालून मागं गेली. कडूबाई हरभरा पाखडत होती.

"कोण? कचेरीची का तू?"

"न्हाय मावशी, कॉलेजची. मागं आले होते बघा, फॉर्म भरायला."

"व्हय व्हय. कचेरीचीच की."

शिवकन्यानं वाद घातला नाही. पिशवीतून फॉर्म नंबर एक काढला आणि मांडीवर घेतला. "मावशी, एकच गोष्ट परत इचारते. जमीन तुम्ही भावाला राजीखुशीनं दिली का?"

कडूबाईनं सूप खाली ठेवलं. हात लुगड्याला पुसले. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि ती गुडघ्यावर हात देऊन उठून उभी राहिली. नजर शिवकन्याच्या डोक्यावरून पलीकडं गेली.

"व्हय सायेब. राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुनाच्या दाबदडपनाबिगर, कसलीबी नशापानी न करता लिहून देते."

एका दमात म्हणाली. मध्ये कुठं अडखळली नाही. जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ती बाई वकिलाच्या कागदातली दोन ओळींची भाषा घडाघडा बोलून गेली होती.

"नशापानी?" शिवकन्याच्या तोंडून निघालं.

"तसंच हाय त्ये. मदलं काय सोडायचं न्हाय म्हनला हुता."

"कोण?"

"बब्रुवान. जीपमधी. हितनं तालुक्याला जाईस्तवर धा डाव म्हनून घेतलं माज्याकडनं. सायेब इचारंल, राजीखुशीनं देता का, की लगीच हे म्हनायचं. चुकलीस तर कागूद माघारी येतोय म्हनला." कडूबाई पुन्हा खाली बसली. "न्हाय चुकले. सायेबबी बघाय लागला माज्याकडं."

बोलण्यात थोडा अभिमानच होता. शाळेत न गेलेल्या बाईनं आयुष्यात एकदाच काहीतरी पाठ केलं होतं आणि ते तिला नीट म्हणता आलं होतं.

"आन तूबी त्येच इचारलंस," ती पुढं म्हणाली. "म्हनलं, आली पडताळनीवाली. मंदिरात समद्या बायकांना म्याच सांगितलं, चुकू नगा गं, कागूद माघारी जाईल. पलीकडच्या गावात माजी भाची हाय, तिलाबी निरोप धाडला."

शिवकन्याला मॅडमांचे प्रश्न आठवले. राजीखुशीनं. कुठं बोलतात, कोण बोलतं, कुणासमोर, कधी. तो शब्द घरात बोलत असतीलही, पण जमिनीच्या बाबतीत तो एकाच ठिकाणी, नोंदणीच्या कचेरीत, बोलला जात होता, आणि तिथं त्याचं एकच उत्तर चालत होतं. ज्या शब्दावर ती इतकी खूश होती, तो तिनं नेमका तिथून उचलला होता. सात गावांतून ती संशोधन करत फिरली नव्हती, कचेरी भरवत फिरली होती. आणि दारात बब्रुवानला बसवून.

तिला उठून जावंसं वाटलं. ब्याण्णव फॉर्म विहिरीत टाकावेत आणि ढोकीला जाऊन पाहुण्यांपुढं पोहे ठेवावेत, एवढं सोपं होतं. पण मॅडमांचा तो फॉर्म पालथे घालणारा हात आठवला आणि तिचा हट्ट परत जागा झाला. तिनं फॉर्म उलटा केला. पाठीमागची बाजू कोरी होती. विचारायचं काय? खुशीनं का, मर्जीनं का, मनानं का, काहीही विचारलं तरी कडूबाई उठून उभीच राहणार होती. संशोधन पद्धतींचं जाडं पुस्तक तिनं दोनदा वाचलं होतं, त्यातलं एक पान आठवेना.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "त्या दिवशी कचेरीतनं घरी आल्यावर काय केलंत?"

कडूबाईनं पदर परत पुढं ओढला.

"ह्याला काय म्हनायचं असतंय?"

"काय न्हाय. जे केलं ते."

कडूबाईनं सूप उचललं, दोनदा पाखडलं, खाली ठेवलं. बराच वेळ ती खडे वेचत होती.

"घरी आले," ती म्हणाली. "भावजयीनं पुरनाचं केलतं. मला नवी साडी घेतलती, ती नेसवली. बस म्हनले जेवाया. म्या म्हनलं, हात धुऊन येते. न्हानीत गेले आन अंगठा घासला. शाई हुती. राखेनं घासला, इटकरीच्या तुकड्यानं घासला. भाईर समदे हाका मारायलेत, पुरन गार व्हायलंय म्हनून. म्या आपली घासतीय. रगत आलं तवा ध्येनात आलं." तिनं उजवा अंगठा वर करून पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. "मग जेवले. पुरन ग्वाड हुतं."

शिवकन्या लिहीत होती. मोटारसायकलचा आवाज तिला आला नाही. मान वर केली तेव्हा बब्रुवान घराच्या कोपऱ्यावर उभा होता.

"मागल्या दारानं?" तो म्हणाला.

"काका, एक प्रश्न राहिला होता."

"ऱ्हायला हुता तर मला इचारायचा. मागं खुर्ची दिली, च्या पाजला, ताई ताई केलं. आता चोरावानी मागल्या अंगानं येतीस व्हय? कुनी धाडलं तुला?"

"कुणी न्हाय."

"हिच्या लेकीनं धाडलं का? वकील लावलाय का तिनं?"

"न्हाय काका. कॉलेजचं काम आहे."

"आन हिकडं तो कागूद."

त्यानं कागद ओढूनच घेतला. बब्रुवान वाचत होता. ओठ हलत होते. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, मग कागद उलटून पलीकडचं वाचलं, तिथं चौदाव्या प्रश्नाला 'होय' होतं.

"ह्यात जिमिनीचं कुठं काय हाय?"

"न्हाय."

"मग हे काय लिवलंय? अंगठा, राख, पुरन?"

"तेच विचारलं मी."

"येवढ्यासाठी धाराशिवहून आलीस?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. कागद त्यानं तिच्या मांडीवर टाकला. "सरकार काय काय शिकवतंय पोरीला. हे बघ, ढोकीचा रामहरी तुजा बाप न्हवं का? नंबर हाय माज्याकडं. परत ह्या गावात दिसलीस तर त्यालाच बोलवून घेतो आन त्याच्या हवाली करतो. ऊठ."

शिवकन्या उठली. कडूबाईनं मान वर केली नाही. घराला वळसा घालताना मागून बब्रुवानचा आवाज आला, "अजून पाखडूनच झालं न्हाय का गं?" आणि मग सुपाचा आवाज सुरू झाला.

शनिवारी आणि रविवारी तिनं तामलवाडी सोडून बाकीच्या गावांत एकच प्रश्न विचारला. सहा जणींनी दारातूनच वाटेला लावलं. एकीच्या दिरानं कुत्रं सोडलं, ते बिचारं शेपूट हलवत बसलं म्हणून बरं. दहा जणी बोलल्या. एकीनं तालुक्याच्या स्टँडवर भावानं घेऊन दिलेला वडापाव खाल्ला होता आणि तो चांगला होता असं दोनदा सांगितलं. एकीनं लेकीला फोन लावला आणि काहीच न बोलता ठेवून दिला. एक तशीच माहेरच्या शेतात जाऊन बांधावर बसली, आणि आता आपण कुणाच्या बांधावर बसलोय असं मनात आलं म्हणून आपणच उठली. एकीनं घरातली सगळी भांडी काढून घासली, घासलेलीसुद्धा. एक म्हणाली, खरंच बरं वाटलं, भाऊ लई दिवसांनी हसून बोलला. शिवकन्यानं तेही तसंच लिहून घेतलं. रविवारी जेवताना तोच प्रश्न आईला विचारावा असं तिच्या जिभेवर आलं होतं. बाप शेजारीच बसला होता, तिनं तो भाकरीच्या घासाबरोबर गिळून टाकला.

सोमवारी अकराला दहा कमी असताना ती केबिनच्या दारात उभी राहिली.

"काय?"

"ब्याण्णव फॉर्म रद्द करायचे आहेत मॅडम. मी घरी बसून भरले नव्हते. पण उत्तरं बायकांची नाहीत."

"बस."

दीड वर्षात त्या पहिल्यांदाच बस म्हणाल्या होत्या. शिवकन्यानं जीपमधलं सांगितलं, नशापानी सांगितलं, समाजमंदिर आणि दारात बसलेला बब्रुवान सांगितला. मॅडमांनी मध्ये एकदाही 'काय' म्हटलं नाही. शाबासकीही दिली नाही. हात पुढं केला, शिवकन्यानं त्यावर अकरा कागद ठेवले, आणि त्या वाचायला लागल्या. या वेळी खरंच वाचत होत्या. कडूबाईच्या कागदापाशी जास्त वेळ गेला. मग लाल पेन उघडलं.

"अकरा बायका. हा नमुना आहे का हळदीकुंकू?"

"तीन दिवसांत एवढ्याच मिळाल्या."

"निवड कशी केली?"

"ज्यांनी दार उघडलं त्या."

"छान. आणि मथळ्यात हे काय, 'ग्रामीण व अल्पशिक्षित स्त्रिया'? हे कुणी ठरवलं?"

"आराखड्यात तसंच होतं मॅडम. तुम्ही सही केली होती."

"मी सही केली म्हणून बरोबर झालं?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. परीक्षा विभागाचा शिपाई दारात डोकावला. मॅडमांनी त्याला बोटानं थांबायला सांगितलं आणि पेनाचं टोक पहिल्याच ओळीवर, प्रश्नावर, नेऊन ठेवलं. 'कचेरीतून घरी आल्यावर त्या दिवशी काय केलं?'

"प्रश्न चुकलाय."

आता मात्र शिवकन्याला राहवलं नाही. "आता यात काय चुकलं मॅडम? यात राजीखुशी नाही, होय-नाही नाही, कचेरीची भाषा नाही. कुत्री अंगावर घेऊन विचारून आलेय मी. तुम्हाला चुकवायचंच असेल तर तसं सांगा, मी सोडून देते."

शिपाई दारातून दोन पावलं मागं सरकला. मॅडमांना राग आलेला दिसला नाही.

"'घरी आल्यावर'," त्या म्हणाल्या. "काय, सगळ्या घरी जातात हे तू आधीच धरून चाललीस. प्रश्नात गृहीत धरलेलं उत्तर आहे. परत तेच केलंस."

"मग कुठं जातील?"

मॅडमांनी पेनाला टोपण लावलं. परत काढलं.

"उमरग्याच्या कचेरीतलं आटपून साडेबाराची गाडी मिळाली," त्या म्हणाल्या, "तर तीनच्या तासाला इथं पोचता येतं. एम.ए. पहिलं वर्ष, शेवटचा तास असतो. त्या दिवशी प्रमाण विचलन शिकवायचं होतं. भाऊ म्हणत होते, जेवून जा, मुरुमला सगळे वाट बघतायत. मी म्हटलं, पोरं खोळंबतील." त्या कागदाकडंच बघत होत्या. "पूर्ण तास घेतला. फळ्यावर दोन उदाहरणं सोडवली. दुसऱ्याचं उत्तर चुकलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळ्यांनी उतरवून घेतलं."

पंख्याचा आवाज येत होता.

मॅडमांनी अहवालाचा कागद पुढं ओढला, शेऱ्याच्या रकान्यात 'तथ्यसंकलन सुरू' असं लिहिलं, सही केली आणि शिपायाला हाक मारून दिला. मग अकरा कागद शिवकन्यापुढं सरकवले.

"बघत काय बसलीस? दुरुस्ती कर. 'घरी' काढ. 'ग्रामीण' काढ, 'अल्पशिक्षित' काढ."

शिवकन्यानं तिन्ही शब्द खोडले. मग पिशवीतून एक कोरा कागद घेतला, वरच्या कोपऱ्यात बारा आकडा घातला, आणि सवयीनं त्याखाली 'उत्तरदात्याचे नाव' लिहून पेन उचललं. मॅडम दुसऱ्या कुणाचा तरी लघुप्रबंध उघडून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नाव लिहीत नाहीत," त्या म्हणाल्या. "हे पहिल्या वर्षालाच शिकवलंय मी."